मेंदूत ट्यूमर वाढताना थायमस, स्प्लीन आणि बोन मॅरोचं काय होतं, ते नीट मोजायचं कसं

मेंदूत ट्यूमर वाढवलेल्या उंदराची छाती पहिल्यांदा उघडली की माणूस जरा गोंधळतोच. ट्यूमर डोक्यात, काही मिलिमीटरचा, तो मेंदूबाहेर सहसा पसरतही नाही, आणि इकडे हृदयाच्या वर जो पांढरट दोन भागांचा थायमस (टी पेशी नावाच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जिथे तयार होतात तो अवयव) समोरच दिसायला हवा तो शोधावा लागतोय, स्प्लीनही (प्लीहा, हाही इम्युन अवयवच) कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या ट्यूमर नसलेल्या, उंदरापेक्षा बारीक. हे खरं आहे, वेगवेगळ्या लॅबमध्ये दिसलेलं आहे. पण "हे ट्यूमरमुळेच झालं" असं छातीठोक म्हणायचं असेल तर तयारी बरीच लागते आणि नवीन मुलं नेमकी तिथेच कमी पडतात, कारण सगळं लक्ष पेशी टोचण्यावर आणि फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशी रंगवून एकेक मोजायचं तंत्र) रंगीत प्लॉटवर असतं. एथिक्स कमिटीची परवानगी आणि सर्जरीचं ट्रेनिंग तुमच्याकडे आहे असं धरून पुढचं लिहितोय, ते नसेल तर प्राण्याला हात लावायचाच नाही.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण त्यावरून प्रयोग कसा आखायचा ते कळतं. १९२१ मध्ये शिराईने दाखवलं की रॅटचा (मोठ्या जातीच्या लॅब-उंदराचा) सार्कोमा, म्हणजे एक ट्यूमर, उंदराच्या मेंदूत ठेवला तर वाढतो, बाहेर ठेवला तर टिकत नाही. १९२३ मध्ये मर्फी आणि स्टर्म यांनी परक्या ट्यूमरसोबत त्याच प्राण्याच्या स्प्लीनचा छोटा तुकडा मेंदूत ठेवून पाहिला, आणि ट्यूमर वाढलाच नाही. म्हणजे मेंदू काही बंद किल्ला नाही, लढणाऱ्या पेशी तिथे पोचल्या तर काम करतात, हे १०० वर्षांपूर्वीच दिसलं होतं. पुढे १९४८ मध्ये मेडावरने सशांच्या मेंदूत कातडीचे ग्राफ्ट, म्हणजे परक्या कातडीचे तुकडे, लावले आणि मग मेंदूला इम्युन सिस्टिमपासून सवलत आहे ही कल्पना पक्की बसली, इतकी पक्की की उलट दिशेने, म्हणजे मेंदूतली गडबड बाहेरच्या इम्युन अवयवांना काय करते, हे फार थोड्यांनी पाहिलं.

अलीकडची दोन कामं मात्र माहीत असायलाच हवीत. २०१८ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीच्या गटाने दाखवलं की ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूचा एक घातक कॅन्सर) पेशंटमध्ये कुठलीही ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीच सीडी४ टी पेशी कधीकधी एड्सच्या पातळीइतक्या खाली असू शकतात, उंदरांतही तसंच, आणि हरवलेल्या नाईव्ह (अजून कुठल्या शत्रूशी न लढलेल्या) टी पेशी मेलेल्या नसून बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडातल्या मगजात, अडकून बसलेल्या सापडतात. अडकतात कारण त्यांच्या पृष्ठभागावरचा एस१पी१ हा रिसेप्टर आत ओढला जातो, आणि तो नसेल तर पेशीला मॅरोतून बाहेर पडायचा रस्ताच मिळत नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी टोचल्या तरी हे घडतं, पण फक्त त्या कवटीच्या आत वाढत असतील तर.

दुसरं काम २०२० चं, मेयो क्लिनिकचं. त्यांनी मेंदूच्या कॅन्सरची तीन वेगळी मॉडेल्स घेतली आणि तिन्हीत थायमस आक्रसलेला मिळाला. शिवाय स्प्लीन लहान, रक्तात टी पेशी कमी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर एमएचसी क्लास २ (टी पेशींना शत्रूचे तुकडे दाखवणारं प्रोटीन) कमी. मग दोन उंदीर एकमेकांना शिवून रक्तप्रवाह जोडला, याला पॅराबायोसिस म्हणतात, तर थायमसचं आक्रसणं आणि टी पेशी घटणं निरोगी जोडीदारातही आलं, म्हणजे रक्तातून काहीतरी फिरतंय, पण टी पेशींचं मॅरोत अडकणं मात्र असं रक्तातून गेलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे फक्त कॅन्सरचं वैशिष्ट्य नाही, मेंदूला इतर तीव्र इजा झाली तरी थायमस आक्रसतो आणि इजा दूर झाली की पूर्ववत होतो. हे शेवटचं वाक्य डोक्यात ठेवा, कारण आपण ट्यूमर टोचताना सुई मेंदूतच घालतो!

मॉडेल निवडताना

इथे चुकलात तर पुढचं सगळं पाण्यात. इम्युन अवयव बघायचेत तर प्राण्याची इम्युन सिस्टिम शाबूत पाहिजे, त्यामुळे न्यूड उंदरात माणसाच्या यू८७ या ट्यूमर पेशी टोचून थायमसबद्दल बोलायचा प्रश्नच येत नाही, त्याला धड थायमसच नसतो. पेशी आणि प्राणी एकाच जनुकीय वंशाचे हवेत. सी५७बीएल/६ या लॅबमधल्या नेहमीच्या वंशाच्या उंदरांसाठी जीएल२६१, सीटी-२ए, एसबी२८ असे पेशीलाइनचे (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या ट्यूमर पेशींचे) पर्याय आहेत. जीएल२६१ सगळ्यात जास्त वापरलं जातं पण ते बऱ्यापैकी इम्युनोजेनिक आहे, शरीर त्याला थोडंफार ओळखतं. एसबी२८ त्या मानाने गुपचूप वाढतं. शक्य असेल तर दोन मॉडेल घ्या, कारण एका पेशीलाइनचा स्वभाव म्हणजे ब्रेन ट्यूमरचा नियम नव्हे.

रॅटवाल्यांसाठी खास. सी६ ही पेशीलाइन खूप जुनी आणि खूप सोयीची आहे, पण ती आउटब्रेड (प्रत्येक प्राणी जनुकीयदृष्ट्या वेगळा) विस्टार रॅटमधून आलेली असल्याने कुठल्याच इनब्रेड (सगळे प्राणी सारखे) वंशाशी जुळत नाही. सी६ टोचून स्प्लीन आणि लिम्फ नोड फुगले असं दिसलं तर तुम्ही ट्यूमरला दिलेला प्रतिसाद मोजताय की परक्या अवयवाला नाकारण्याचा, हे कोणीच सांगू शकणार नाही. फिशर ३४४ रॅटमध्ये एफ९८ किंवा आरजी२ घ्या. ९एल पण फिशरचंच आहे, पण चांगलंच इम्युनोजेनिक, त्यामुळे माझी पसंती पहिल्या दोघांना.

ल्युसिफरेज घातलेल्या पेशी वापरल्या की ट्यूमर कॅमेऱ्यावर चमकतो, सोय होते, पण ल्युसिफरेज हे काजव्याचं प्रोटीन आहे, उंदराला परकं, त्यामुळे तेच एक अँटिजेन, म्हणजे इम्युन सिस्टिमचं लक्ष्य, होऊन बसतं. एमआरआय मिळत असेल तर निदान एका बॅचमध्ये साध्या पेशी टोचून रिझल्ट तसाच येतो का ते बघा.

ग्रुप, म्हणजे खरा प्रयोग

माझं स्पष्ट मत आहे की या विषयात अर्धा रिझल्ट कंट्रोल ग्रुपमध्ये असतो. नुसते "ट्यूमर" आणि "नॉर्मल" असे दोन ग्रुप करून लिहिलेले पेपर मी फारसे मनावर घेत नाही. थायमस हा अतिशय हळवा अवयव आहे, तो स्ट्रेसने आक्रसतो, उपासमारीने आक्रसतो, इन्फेक्शनने आक्रसतो, आणि काहीच झालं नाही तरी वयाने आक्रसतो. तेव्हा प्रत्येक शक्यतेसाठी एक ग्रुप लागतो.

एक ग्रुप हात न लावलेला. एक शाम सर्जरीचा, म्हणजे भूल, कवटीला भोक, सुई, तेवढंच द्रावण, पण पेशी नाहीत, आणि वेदनाशामकही तेच आणि तितकेच. एक ग्रुप मेंदूत ट्यूमरचा. एक ग्रुप तीच पेशी कातडीखाली कुशीत टोचलेल्यांचा, हा फार महत्त्वाचा, कारण "शरीरात कॅन्सर आहे" आणि "कवटीच्या आत कॅन्सर आहे" यातला फरक फक्त हाच ग्रुप सांगतो. आणि एक ग्रुप असा की ज्याला रोज तेवढंच खाणं द्यायचं जेवढं ट्यूमरवाल्या ग्रुपने आदल्या दिवशी खाल्लं. हा पेअर-फेड ग्रुप करायला सगळे कंटाळतात, रोज खाणं तोलायचं म्हणजे डोक्याला ताप, पण शेवटच्या आठवड्यात ट्यूमरवाले उंदीर खाणं सोडतात, वजन झपाट्याने उतरतं, आणि तेव्हा थायमस भुकेने गेला की ट्यूमरने हे दुसऱ्या कशानेही वेगळं करता येत नाही.

सगळे एकाच लिंगाचे, एकाच वयाचे, एकाच बॅचमधले. ६ ते ८ आठवड्यांचे घेतात सहसा. लक्षात घ्या की उंदराचा थायमस साधारण ६ आठवड्यांच्या आसपास सगळ्यात मोठा असतो आणि नंतर आपोआप घटायला लागतो, म्हणजे तुमच्या ३-४ आठवड्यांच्या प्रयोगात नॉर्मल उंदराचाही थायमस थोडा कमी होणारच, म्हणून कंट्रोल त्याच दिवशी मारलेला हवा, मागच्या महिन्यातला आकडा चालणार नाही. बाहेरून आणलेले प्राणी किमान आठवडाभर स्थिरावू द्या. आणि एका पिंजऱ्यात सगळे ट्यूमरवाले, दुसऱ्यात सगळे शाम असं करू नका, रँडम वाटा, नाहीतर पिंजऱ्याचा फरक ट्यूमरच्या नावावर जाईल.

टोचणं

यावर प्रोटोकॉल भरपूर आहेत, थोडक्यात उरकतो. स्टिरिओटॅक्सिक फ्रेम (डोकं घट्ट धरून सुई नेमकी नेणारी चौकट), ब्रेग्मापासून (कवटीवरचे सांधे मिळतात तो बिंदू) साधारण २ मिमी बाजूला, ३ मिमी खोल, ५० हजार ते १ लाख पेशी १-२ मायक्रोलिटरमध्ये, अगदी हळू, आणि सुई काढायच्या आधी ५ मिनिटं तशीच ठेवा. घाई केली तर पेशी सुईच्या वाटेने वर येतात आणि ट्यूमर मेंदूबाहेर, हाडाखाली किंवा कातडीखाली वाढतो. मग मेंदूतला ट्यूमर म्हणून ज्याचं मोजमाप केलं तो अर्धा मेंदूबाहेरचा निघतो, आणि लिम्फचा निचराच वेगळ्या वाटेने होतो. असा प्राणी वगळायचा, पण वगळायचा नियम आधी लिहून ठेवायचा, रिझल्ट बघून नाही. डेक्सामेथासोन मेंदूची सूज उतरवायला देतात पण इथे चुकूनही नको, त्याचा एक मोठा डोस थायमसचं एक-दोन दिवसांत वाटोळं करतो. (थायमस आक्रसलेला कसा दिसतो याचा पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून मात्र तो उत्तम!)

कधी बघायचं

फक्त शेवटी बघितलं तर फक्त शेवट दिसतो. जीएल२६१ चे उंदीर एवढ्या पेशींवर साधारण ३ ते ४ आठवड्यांत एंडपॉइंटला, म्हणजे प्राण्याला आणखी जगवायचं नाही अशा अवस्थेला, येतात, म्हणून ७, १४, २१ दिवस आणि एंडपॉइंट असे टप्पे धरा. मधल्या टप्प्यांना जास्त किंमत आहे कारण तेव्हा ट्यूमर आहे पण प्राणी अजून खातोय, फिरतोय, वजन ठीक आहे, आणि तरीही थायमस घटलेला दिसला तर भुकेचा आणि आजारपणाचा संशय बराच कमी होतो. रोज वजन घ्या. कमिटीने मंजूर केलेली मर्यादा, बहुतेक ठिकाणी २० टक्के वजन घट, किंवा पाठीला कुबड, फिट्स, हालचाल मंदावणं, यातलं काही आलं की प्राण्याला त्याच दिवशी वेदना न देता मारून सोडवायचं, "अजून एक दिवस थांबू, टाइमपॉइंट पूर्ण होईल" असं अजिबात नाही.

वेळही ठरलेली हवी. उंदीर निशाचर, त्यामुळे त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन (स्ट्रेसचं मुख्य हॉर्मोन) दिवे मालवायच्या सुमारास सगळ्यात वर असतं, रक्तातल्या टी पेशींची संख्यापण दिवसभरात बदलते. सगळी कापाकापी सकाळी, ठरावीक २-३ तासांत, आणि ग्रुप आलटून पालटून. सगळे कंट्रोल आधी आणि सगळे ट्यूमर दुपारी असं केलंत तर तुम्ही घड्याळ मोजलंत.

अवयव काढणं

आधी रक्त, लगेच, प्राण्याला फार न हाताळता, कारण काही मिनिटांच्या धरपकडीनेही कॉर्टिकोस्टेरॉन वर जातं. मग अवयव. मेंदूसाठी पीबीएसने (मिठाचं द्रावण) परफ्युजन, म्हणजे वाहिन्यांतलं रक्त धुऊन काढणं, करणार असाल तर सगळ्याच ग्रुपना करा, रक्त धुतलं गेलं की स्प्लीनचं वजन बदलतं.

थायमस काढताना त्याला चिकटलेले छोटे पॅराथायमिक लिम्फ नोड वेगळे करा, नॉर्मल उंदरात त्याने फारसा फरक पडत नाही पण थायमस १५ मिलिग्रॅमवर आलेला असेल तर त्या नोडचं वजन आणि त्यातल्या पक्व टी पेशी मिळून रिझल्ट चांगलाच बिघडवतात. आक्रसलेला थायमस आणि आजूबाजूची चरबी सारखीच दिसते. शंका आली तर थंड पीबीएसमध्ये टाका, चरबी तरंगते, थायमस बुडतो. टिश्यू पेपरवर हलकं टिपून लगेच तोला, छोटे अवयव उघड्यावर सुकतात. तरुण सी५७बीएल/६ मध्ये थायमस ढोबळमानाने ४० ते ८० मिलिग्रॅम आणि स्प्लीन ७० ते १०० च्या आसपास असतो, तुमचे हात न लावलेले उंदीर याच्या फार बाहेर जात असतील तर आधी तिथे काय चुकलं ते बघा.

लिम्फ नोडमध्ये डीप सर्व्हायकल हवेतच. ते मानेत, स्टर्नोक्लायडोमास्टॉइड स्नायूच्या खाली, मोठ्या शिरेला लागून असतात, बारीक असतात, आणि बरेच जण त्याऐवजी वरचे, लाळग्रंथीजवळचे नोड काढून मोकळे होतात. मेनिंजेसमध्ये (मेंदूवरच्या आवरणांत) लिम्फवाहिन्या असतात हे २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं आणि तिथला निचरा मुख्यतः या खोल नोडकडे येतो. २०२० मध्ये जीएल२६१ च्या उंदरांत व्हीईजीएफ-सी (लिम्फवाहिन्या वाढवणारं प्रोटीन) वाढवून हा निचरा सुधारला तर टी पेशींचा प्रतिसादही सुधारला, त्यामुळे ट्यूमरची पहिली खबर कुठे पोचते हे बघायचं तर याच नोडमध्ये. सोबत जांघेतले नोड घ्या, ते दूरचे, तुलनेला. नोड सापडायची सवय व्हायला एका जास्तीच्या प्राण्यात इव्हान्स ब्लू हा रंग टोचून निचऱ्याची वाट निळी करून बघता येते, एकदा बघितलं की हात बसतो.

बोन मॅरो एका फीमरमधून (मांडीच्या हाडातून), नेहमी त्याच बाजूच्या, आणि आकडा "प्रति फीमर" लिहा. दोन्ही अॅड्रिनल ग्रंथीपण (स्ट्रेस हॉर्मोन तिथेच बनतं) काढून तोला, पाच मिनिटांचं काम आहे आणि स्ट्रेस दीर्घकाळ होता का त्याचा अंदाज देतं.

मोजणी, इथे जरा थांबा

स्प्लीन आणि मॅरोला लाल पेशी फोडायचं द्रावण लागतं, थायमसला नाही. ७० मायक्रॉनची जाळी, सगळं बर्फावर, मेलेल्या पेशी ओळखणारा डाय आणि एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) विसरू नका. रंगवायला पेशींवरची ओळखखुणेची प्रोटीनं निवडायची: थायमसला सीडी४, सीडी८, आणि पेशी तयार होण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यांसाठी सीडी४४, सीडी२५. नॉर्मल थायमसमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास पेशी सीडी४ सीडी८ दोन्ही असलेल्या, म्हणजे डबल पॉझिटिव्ह, असतात आणि आक्रसताना सगळ्यात आधी त्याच जातात. स्प्लीन, नोड, रक्त, मॅरो या सगळ्यांना सीडी३, सीडी४, सीडी८, बी२२०, सीडी११बी, एलवाय६सी, एलवाय६जी, एमएचसी क्लास २, आणि टी पेशींवर एस१पी१. एस१पी१ चं स्टेनिंग नाजूक असतं, सगळे नमुने सारख्या वेळात आणि थंडच ठेवून करा, नाहीतर रिसेप्टर हाताळणीनेच आत गेला की ट्यूमरने, कळणार नाही.

आता मुद्द्याचं. टक्केवारीवर विश्वास ठेवू नका. समजा कंट्रोल स्प्लीनमध्ये १० कोटी पेशी आणि त्यात २० टक्के सीडी८, म्हणजे २ कोटी. ट्यूमरवाल्यात ५ कोटी पेशी आणि २५ टक्के सीडी८, म्हणजे सव्वा कोटी. टक्केवारीचा ग्राफ म्हणेल सीडी८ वाढले, प्रत्यक्षात पाऊण कोटी गायब. मोजणीचे बीड्स (ठरावीक संख्येचे सूक्ष्म मणी) घाला किंवा काउंटरने एकूण पेशी मोजा, पण प्रत्येक अवयवाचा एकूण आकडा काढाच. आणि एकाच प्राण्याचे सगळे अवयव मिळून हिशोब मांडा, कारण स्प्लीनमधून ३ कोटी टी पेशी गेल्या आणि मॅरोत काही लाखच वाढल्या तर "सगळ्या मॅरोत लपल्या" असं म्हणता येणार नाही, उरलेल्या कुठे तरी मेल्या किंवा थायमसकडून नवीन पुरवठाच आटला. २०१८ च्या कामात मॅरोत मोठ्या संख्येने टी पेशी सापडल्या, २०२० च्या कामात सीडी४ ची वाढ माफकच होती, तेव्हा तुमच्या मॉडेलमध्ये काय होतं ते तुम्हालाच मोजायला लागेल. मॅरोतल्या टी पेशी खरोखर मॅरोत आहेत की तिथल्या रक्तवाहिन्यांत, हे बघायला मारायच्या ३ मिनिटं आधी शिरेतून रंगीत सीडी४५ अँटिबॉडी द्या, रक्तातल्या रंगतील, आतल्या नाहीत.

स्प्लीनच्या वजनाचा अर्थ लावताना अजून एक भानगड. उंदराच्या स्प्लीनमध्ये आयुष्यभर रक्तपेशी तयार होत असतात, त्यामुळे कॅन्सरमध्ये मायलॉइड पेशींची (टी-बी सोडून इतर पांढऱ्या पेशी, सीडी११बी असलेल्या) गर्दी होऊन तो फुगूही शकतो, ४टी१ हा स्तनाचा ट्यूमर टोचलेल्या उंदरात तर तो भलामोठा होतो. म्हणजे टी पेशी घटल्या आणि सीडी११बी वाल्या वाढल्या तर वजन जिथल्या तिथे राहील आणि तुम्ही "स्प्लीनवर परिणाम नाही" असं लिहून बसाल. अर्धा स्प्लीन फॉर्मॅलिनमध्ये टाका आणि सेक्शनमध्ये व्हाइट पल्प (टी-बी पेशींचा भाग) आणि रेड पल्पचं (रक्ताने भरलेला भाग) क्षेत्रफळ मोजा. थायमसमध्ये तसंच कॉर्टेक्स (बाहेरचा थर) आणि मेड्युलाचं (आतला भाग). स्लाइड बघणाऱ्याला ग्रुप माहीत नसावा, हे तर आलंच.

अवयवाचं वजन भागिले शरीराचं वजन हे गुणोत्तर सगळे देतात, द्या, पण सोबत नुसतं वजनही द्या, कारण शरीर १५ टक्के उतरलं असेल तर भागाकाराने थायमसची घट झाकली जाते.

स्टेरॉइड की आणखी काही

डबल पॉझिटिव्ह पेशी गेल्या म्हटल्यावर पहिला संशय कॉर्टिकोस्टेरॉनवरच जातो, कारण त्या पेशी त्याला फार संवेदनशील असतात. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) ते एलायझाने, म्हणजे अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचणीने, मोजा, अॅड्रिनलची वजनं बघा, शाम आणि पेअर-फेड ग्रुपशी ताडा. अॅड्रिनल काढलेले उंदीर वापरायचे असतील तर त्यांना प्यायला सलाइन द्यावं लागतं नाहीतर मीठ कमी पडून ते मरतात. अॅड्रिनल नसतानाही थायमस आक्रसला तर दुसरं काहीतरी आहे. मेयोच्या गटाला ट्यूमरवाल्या उंदरांच्या सीरममध्ये टी पेशींची वाढ थांबवणारा घटक मिळाला होता आणि तो स्टेरॉइड नव्हता, आकाराने मोठा रेणू होता.

हे तुमच्याकडे तपासायचं तर सीरम सुरुवातीपासून साठवा. प्रत्येक प्राण्याचं, छोट्या छोट्या भागांत, उणे ८० ला, लाल झालेलं म्हणजे लाल पेशी फुटलेलं सीरम वेगळं टाकून. मग निरोगी उंदराच्या स्प्लीनमधल्या टी पेशी रंगवून, अँटी-सीडी३ आणि अँटी-सीडी२८ ने चेतवून, त्यात हे सीरम घालून ३ दिवसांनी किती वेळा विभागल्या ते बघायचं. शामचं सीरम, कुशीतल्या ट्यूमरचं सीरम आणि मेंदूतल्या ट्यूमरचं सीरम एकाच प्लेटवर, एकाच दिवशी. मेंदूवाल्यानेच दाबलं आणि कुशीवाल्याने नाही, तर पुढे चारकोलने स्टेरॉइड काढून आणि फिल्टरने लहान-मोठे रेणू वेगळे करून तीच प्लेट परत लावा.